थाळी, पळी आणि १७:५५

कॅनडातल्या आमच्या न्यू ब्रन्सविक प्रांतात काराकेत नावाचं गाव आहे. तिथल्या रस्त्यावर अकादियन उत्सवात, म्हणजे इथल्या जुन्या फ्रेंच बोलणाऱ्या लोकांच्या सणात, हजारो माणसं भांडी बडवत चालली आहेत, असा एक छोटा व्हिडिओ मी आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॅप गटावर टाकला आणि पहिलंच उत्तर आलं, ‘इथंही थाळ्या? यांचा कोरोना अजून गेला नाही वाटतं.’ २२ मार्च २०२० ची संध्याकाळ आठवून सगळे हसले, मीही हसले. पण आमच्याकडे तेव्हा गणपतीच्या खर्चाचा वाद पेटलेला होता. हॉल, ढोल आणि जेवणावळीवर पैसे घालायचे की तेच पैसे रविवारच्या मराठी शाळेला द्यायचे? मग काय, माझा बिचारा व्हिडिओ दोन्ही बाजूंनी पुरावा म्हणून वापरला. एक गट म्हणाला, ‘बघा, या अकादियन लोकांनी उत्सवाच्या जोरावर भाषा टिकवली.’ दुसरा म्हणाला, ‘काय टिकवली? वर्षातून एक दिवस डबे बडवायचे आणि दुसऱ्या दिवशी पोरांशी इंग्रजीत बोलायचं!’ न्यू ब्रन्सविकमधले इंग्रज शेजारी आणि कधीकधी खुद्द अकादियनही नेमक्या याच दोन वाक्यांवर भांडतात. माझ्या मते दोन्ही वाक्यं चुकीची आहेत.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. उत्सवानं भाषा टिकत नाही. भाषा टिकते ती घरात, शाळेत आणि पगाराच्या जागी. पण पिढ्यान् पिढ्या हळू आवाजात बोलायला शिकलेल्या समाजाला मोठ्यानं बोलायची सवय लागायची असेल, तर ती शाळेत लागत नाही आणि कायद्यानंही लागत नाही. ती चारचौघांत, रस्त्यावर लागते. अकादियन उत्सव हे काम करतो. त्याच्याकडून व्याकरण शिकवण्याची अपेक्षा करायची आणि ते शिकवलं नाही म्हणून त्याला तमाशा ठरवायचं, हा सुईनं लाकूड का फाडत नाही असं विचारण्यातला प्रकार आहे.

हे पटायचं तर या लोकांचा इतिहास थोडा माहीत हवा, कारण ‘फ्रेंच बोलणारे कॅनेडियन’ म्हटलं की आपण सगळ्यांना क्वेबेकच्या पोत्यात भरतो. अकादी वेगळी. १६०४ पासून अटलांटिकच्या या किनाऱ्यावर फ्रेंच शेतकरी वसले. समुद्राच्या भरतीचं पाणी अडवून त्यांनी खाऱ्या दलदलीची शेतं केली. बांधात एकाच बाजूला उघडणारी लाकडी झडप, ओहोटीला आतलं पाणी सोडणारी आणि भरतीला मिटणारी. गोव्याच्या खाजणातली मानस ज्यानं पाहिली आहे त्याला हे चित्र वेगळं समजावून द्यायला नको. १७१३ च्या उट्रेख्टच्या तहानं हा प्रदेश इंग्रजांकडे गेला. लोकांनी राजा बदलल्याचं मान्य केलं, फक्त बिनशर्त निष्ठेची शपथ घ्यायला नकार दिला, कारण उद्या फ्रेंचांविरुद्ध हत्यार उचलावं लागेल. १७५५ साली इंग्रजांनी त्यांना उचलून जहाजांत भरायला सुरुवात केली. ५ सप्टेंबरला ग्रां-प्रे गावातल्या पुरुषांना आणि मोठ्या मुलांना हुकूम ऐकायला म्हणून चर्चमध्ये बोलावलं. ४१८ जण आत गेले आणि दारं बंद झाली. जमीन, घरं, गुरं जप्त, तुम्ही हद्दपार, असं त्यांना इंग्रजीत वाचून दाखवण्यात आलं. १७६३ पर्यंत दहा हजारांहून अधिक माणसं अशी विखुरली गेली. कुणी अमेरिकी वसाहतींत, कुणी इंग्लंड-फ्रान्सच्या बंदरांत, आणि कितीतरी वाटेतच समुद्रात आणि साथींत.

पुढे परतायची मुभा मिळाली, पण ती पिकाऊ शेतं तोवर न्यू इंग्लंडहून आणलेल्या वसाहतवाल्यांच्या नावावर झाली होती. मग परतलेली माणसं उरल्या जागी शिरली. उत्तरेचा खडकाळ किनारा, मासेमारी, जंगल. काराकेत त्यातलंच. आणि तिथं ती टिकली ती एका युक्तीवर. कुणाच्या डोळ्यांवर यायचं नाही. कोर्टकचेरीत इंग्रजी, बाजारात इंग्रजी, आणि फ्रेंच घराच्या चार भिंतींत नि चर्चमध्ये. ही दबकेपणाची सवय दोनशे वर्षं मुरली. माझ्या शेजारच्या बाई आता पंचाहत्तरीच्या आहेत. त्या सांगतात, ‘लहानपणी मॉन्क्टन शहरातल्या मोठ्या दुकानात शिरण्याआधी आई आमचा दंड दाबायची. म्हणजे आता गप्प.’ आई स्वतः काउंटरवर मोडक्या इंग्रजीत कापड मागायची. बाहेर आल्यावरच कापडाच्या रंगावरून फ्रेंचमध्ये भांडण.

आता १९५५ कडे या. हद्दपारीची द्विशताब्दी. मॉन्क्टनचे आर्चबिशप नॉर्बेर रोबिशो यांनी लोकांना सांगितलं, की चर्चच्या घंटा वाजल्या की घराबाहेर गुडघे टेकून प्रार्थना करा आणि मग जे जे वाजेल ते वाजवा. गिरण्यांचे भोंगे, मोटारींचे हॉर्न, सायकलच्या घंट्या, पोरांची खेळणी. या गोंगाटाला फ्रेंचमध्ये शब्द आहे ‘तँतामार’. पुढे १९७९ मध्ये, अकादीच्या स्थापनेला ३७५ वर्षं झाली तेव्हा, १९६३ पासून भरत असलेल्या काराकेतच्या अकादियन उत्सवात तो पुन्हा उभा राहिला आणि तेव्हापासून दर १५ ऑगस्टचा झाला. सुरू होतो संध्याकाळी पाच पंचावन्नला. घड्याळ चोवीस तासांचं धरलं तर १७:५५.

या तारखा दिल्या की टीकाकारांचा पहिला बाण सुटतो, आणि तो बोथट नाही. म्हणजे ही काही पुराणी परंपराच नाही! एका धर्मगुरूनं सुचवलेली, उत्सव समितीनं उचललेली, कालपरवाची गोष्ट. खरं आहे. पण परंपरा कालपरवाची असली तर बिघडलं काय? घरातला गणपती शेकडो वर्षांचा असेल, चौकातला सार्वजनिक गणपती १८९३ च्या आसपासचा आहे आणि तो कुणी, का रस्त्यावर आणला हे आपल्याला शाळेत शिकवतात. त्यामुळे तो खोटा ठरतो का? आणि अकादियनांनी तर आपला सणसुद्धा वाद घालून निवडला होता, तोही चारचौघांत. १८८१ मध्ये मेमरामकूकला हजारो लोक जमले. प्रश्न होता, राष्ट्रीय दिवस कुठला? एक बाजू म्हणत होती २४ जून घ्या, क्वेबेकचा सेंट जॉनचा दिवस, म्हणजे सगळे फ्रेंच एकत्र. दुसऱ्या बाजूला मार्सेल-फ्रांस्वा रिशार नावाचे पाद्री. त्यांचं म्हणणं, आपला इतिहास वेगळा, आपलं दुःख वेगळं, मोठ्या भावाच्या सणात आपण विरघळून जाऊ. १५ ऑगस्ट, मेरीच्या स्वर्गारोहणाचा दिवस, जिंकला. तीन वर्षांनी मिस्कूशला झेंडा ठरला. फ्रान्सचाच तिरंगा, निळ्या पट्ट्यात पिवळा तारा. सणाची तारीख मतांनी ठरवणारे लोक परंपरेबद्दल भोळे होते असं कुणी म्हणू नये. ते आपल्यापेक्षा सावध होते.

(तारीख आपल्या स्वातंत्र्यदिनाचीच. माझ्या आईला घेऊन मी काराकेतला निघाले, त्या दिवशी सकाळी तिनं आमच्या बैठकीत झेंडावंदन करायला लावलं, मगच गाडी काढू दिली.)

दुसरा बाण जास्त धारदार आहे. अकादियनांना जे मिळालं ते उत्सवानं मिळालं का? नाही, आणि हे मोकळेपणानं मान्य करायला हवं. १९६० मध्ये लुई रोबिशो निवडून आले, प्रांताचे निवडून आलेले पहिले अकादियन प्रीमियर, म्हणजे आपल्याकडचे मुख्यमंत्री. (आपला महाराष्ट्र त्याच वर्षी, दोनच महिने आधी झाला.) त्यांच्या काळात १९६३ मध्ये मॉन्क्टनला फ्रेंच विद्यापीठ उभं राहिलं आणि १९६९ मध्ये न्यू ब्रन्सविकमध्ये इंग्रजी आणि फ्रेंच या दोन्ही अधिकृत भाषा झाल्या. त्या विद्यापीठाची पोरं १९६८ मध्ये मॉन्क्टनच्या रस्त्यावर उतरली. महापौर लेनर्ड जोन्स महापालिकेत फ्रेंचला जागा द्यायला तयार नव्हते, तेव्हा विद्यार्थ्यांनी त्यांच्या घरी डुकराचं मुंडकं नेऊन दिलं. या पोरांना १५ ऑगस्टची मिरवणूक, स्तोत्र, झेंडा हे सगळं बाबा आदमच्या जमान्यातलं वाटत होतं. म्हणजे हक्क मिळवले ते उत्सवाला नाकं मुरडणाऱ्यांनी. याहून मोठा पुरावा माझ्या विरुद्ध कुठला असणार?

पण कायदा झाल्यावर काय झालं ते पाहा. १९६९ नंतर सरकारी खिडकीवर फ्रेंचमध्ये बोलण्याचा हक्क कागदावर आला. शेजारच्या बाई तेव्हा ऐन विशीत. मी विचारलं, मग लगेच बोलायला लागलात? त्या हसल्या. ‘समोरची मुलगी इंग्रज दिसली की जीभ आपोआप वळायची. तिला त्रास कशाला, असं वाटायचं.’ आपला हक्क म्हणजे दुसऱ्याला त्रास, हे ज्याच्या अंगात भिनलंय त्याला कायद्याचं कलम काय धीर देणार? मुंबईत रिक्षात बसल्या बसल्या आपली जीभ हिंदीत कशी वळते, कुणी न सांगता, हे ज्यानं स्वतःच्या तोंडात अनुभवलंय त्याला बाईंचं उत्तर कळेल. कायदा दार उघडतो. आत पाऊल टाकायला लागतो तो निलाजरेपणा, चांगल्या अर्थानं. आणि तो वहीवर गिरवून येत नाही. म्हणूनच मला अर्थपूर्ण वाटतं की तँतामार परतला तो कायद्याच्या आधी नव्हे, दहा वर्षांनी. हातात हक्क आले होते, आवाज यायचा होता.

तो कसा येतो हे मी एकदाच, पण जवळून पाहिलं. आई चिपळूणहून आली होती. मॉन्क्टनपासून काराकेत तीनेक तासांची वाट. ऐनवेळी वाजवायला काही न्यायचं राहिलं म्हणून आईनं आपल्या जेवणाची स्टीलची थाळी नि पळी पिशवीत टाकली. सें-पिएर रस्त्यावर माणसांची दाटी, विजेचे खांबसुद्धा निळ्या-पांढऱ्या-तांबड्या रंगात रंगवलेले, पोरांच्या गालांवर पिवळे तारे. पाच पंचावन्न झाले आणि जो काही कल्लोळ उठला! आई क्षणभर दचकली, मग म्हणाली, ‘अगं, हा तर शिमगाच की!’ कोकणात वाढलेल्या बाईला बोंब मारण्यामागची कल्पना कुणी समजावून द्यावी लागत नाही. वर्षभर जे तोंडातून निघत नाही ते त्या दिवशी निघतं. आमच्या पुढं एक आजोबा चाकाच्या खुर्चीत होते. मांडीवर अॅल्युमिनियमचं पातेलं. इतकं ठोकलेलं की त्याचं बूड बाहेर आलेलं. त्यात कुणी काही शिजवत नसणार, त्याचं कामच वर्षातून एकदा. ते हसत नव्हते. मन लावून, एका लयीत, काहीतरी मोजावं तसे वाजवत होते.

तेव्हा मला ग्रां-प्रेच्या चर्चमधली ती हजेरी आठवली. हुकूम वाचणाऱ्या अधिकाऱ्याची, जॉन विन्स्लोची, रोजनिशी आणि त्यानं केलेली पुरुषांच्या नावांची यादी उपलब्ध आहे. जहाजात भरण्यासाठी कुणीतरी दुसऱ्यानं घेतलेली हजेरी. तँतामार ही त्याच लोकांनी स्वतःची स्वतः घेतलेली हजेरी आहे, आणि ती घड्याळात त्याच सालाच्या, १७५५ च्या, आकड्यावर लावलेली आहे. ‘नुसता गोंगाट’ म्हणणाऱ्याला विचारावंसं वाटतं, ज्यांची दोनशे वर्षं आवाज न करण्यात गेली त्यांनी स्मारक कशाचं उभारावं? मौनाचं?

आता उत्सवाच्या भक्तांकडे वळू, कारण त्यांचाही हिशेब चुकतो. त्यांनी दक्षिणेला, अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात जाऊन यावं. हद्दपार अकादियनांचा एक भाग तिथं स्थिरावला, ‘अकादियन’चं ‘केजन’ झालं. १९२१ च्या राज्यघटनेनं शाळांतलं शिक्षण फक्त इंग्रजीत केलं आणि मैदानात फ्रेंच बोलणाऱ्या पोरांना ‘मी शाळेत फ्रेंच बोलणार नाही’ असं फळ्यावर पुन्हा पुन्हा लिहायला लावण्याची शिक्षा असे. ती पोरं मोठी झाली, त्यांनी आपल्या पोरांना ती शिक्षा नको म्हणून घरातच इंग्रजी सुरू केली. १९६८ मध्ये राज्यानं फ्रेंचच्या जोपासनेसाठी परिषद नेमली, १९७४ मध्ये लाफायेतला केजन संगीताचा मोठा जलसा झाला आणि त्यातून आजचा वार्षिक उत्सव वाढला. २००८ मध्ये त्याच्या नावात ‘क्रेओल’ही, म्हणजे तिथले आफ्रिकी आणि मिश्र वंशाचे फ्रेंच परंपरेतले लोकही आले, उशिरा का होईना. उत्सव फक्कड आहे. फिडल, अॅकॉर्डियन, पायाला स्वस्थ बसू न देणारा ताल. संगीताची लाज तर पुरती गेली, आजोबांचं खेडवळ वाद्य आता नातू मिरवतो. पण गाणं फ्रेंचमध्ये संपलं की गायक बहुतेकदा पुढची घोषणा इंग्रजीत करतो, कारण समोरच्या बहुतेकांना तेवढंच कळतं. फ्रेंच माध्यमाचे वर्ग आता आहेत, चिकाटीनं चालवले जातात, पण मधली दोन पिढ्यांची पायरी निसटली ती निसटलीच. उत्सव आला तेव्हा घरातून भाषा उठून गेली होती.

आपल्याच माणसांचं उदाहरण हवं असेल तर मॉरिशसला जा. एकोणिसाव्या शतकात ऊसमळ्यांवर मजुरीला गेलेल्या मराठी माणसांची पणतवंडं तिथं आहेत. गणेशचतुर्थीला तिथं सार्वजनिक सुट्टी असते, विसर्जनाला वाजतगाजत जातात, मराठी शाळेत विषय म्हणूनही शिकवली जाते. आणि घरी? घरी बहुतेक क्रेओल, फ्रेंचच्या पोटची भाषा. गणपती राहिला, ओव्या गेल्या. याला मी हार म्हणत नाही, त्यांना आपण मराठी आहोत हे ठाऊक आहे आणि ते ठाऊक राहिलं याचं श्रेय बहुतांशी त्या बाप्पालाच. पण उत्सव एकटा पडला की तो काय सांभाळू शकतो आणि काय नाही, हे यात स्पष्ट दिसतं. ओळख सांभाळतो. क्रियापदं नाही सांभाळत.

म्हणून ‘उत्सव की शाळा’ हा प्रश्नच मला फसवा वाटतो. काराकेतनं दोन्ही केलं, आणि आजचं नाही. १८७१ च्या शाळा कायद्यानं चर्चच्या शाळांचं सरकारी पाठबळ काढलं तेव्हा काराकेतचे लोक कर भरेनात. जानेवारी १८७५ मध्ये गावात गोळीबार झाला. लुई मायू नावाचा एकोणीस वर्षांचा तरुण गेला, आणि समोरच्या बाजूचा एक जणही. ज्या गावानं शाळेसाठी माणूस गमावलाय त्या गावाला ‘फक्त डबे बडवता’ असं म्हणायला जीभ रेटली पाहिजे. अलीकडचं सांगायचं तर फेब्रुवारी २०२० मध्ये प्रांत सरकारनं सहा छोट्या रुग्णालयांचा रात्रीचा तातडीचा विभाग बंद करायचं जाहीर केलं. त्यात काराकेतचं होतं. गावोगाव इतका गदारोळ उठला की आठवड्याच्या आत निर्णय मागं. त्या सहांत इंग्रजी गावंही होती, त्यामुळे हे श्रेय तँतामारच्या पदरात टाकणं लबाडी ठरेल. एवढंच म्हणते, की रस्त्यावर एकत्र यायचं कसं, हे त्या गावाला कुणी शिकवावं लागलं नसणार.

एक आक्षेप मात्र मला खोडता येत नाही, आणि खोडायची इच्छाही नाही. हे सगळं होऊनही आकडा खाली सरकतोय. प्रांतात फ्रेंच मातृभाषा असणारे साधारण तीस टक्के राहिले आहेत, आणि हळूहळू कमीच होताहेत. शेजारच्या नोव्हा स्कॉशियात, जिथं ग्रां-प्रे आहे, ते तीन टक्क्यांच्या आसपास. मॉन्क्टनची तरुण पोरं शियाक बोलतात, म्हणजे फ्रेंच वाक्यात इंग्रजी क्रियापदं घुसवलेली बोली, आणि शुद्धवाल्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. माझ्या मते आठ्या चुकीच्या जागी पडतात. शियाक बोलणारं पोरगं दुकानात आवाज चोरत नाही. त्याची आजी शुद्ध बोलायची आणि गप्प बसायची. निवडायचंच झालं तर मी नातवाच्या बाजूची.

शिवाय ही घट भरून काढणार आहेत ते कोण? कॅमेरून, कांगो, मोरोक्को, हैती इथून आलेले फ्रेंच बोलणारे लोक. त्यांचे पूर्वज ग्रां-प्रेच्या चर्चमध्ये नव्हते. आडनावं विचारत बसणारा समाज त्यांना दारातच थांबवेल, आणि अकादियनांत आडनावं विचारायची खोड भरपूर आहे. तँतामारला मात्र आडनाव लागत नाही, भांडं लागतं. मिकमाक लोकांचं, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांचं काय, हा त्याहून अवघड सवाल. ही भूमी त्यांची, हद्दपारीत जंगलात लपलेल्या अकादियनांना अन्न-आसरा दिला त्यांनी, आणि तरी १७:५५ हे घड्याळ एकाच समाजाचं दुःख दाखवतं. उत्सवानं हेही वाजवायला शिकावं. ते झालेलं नाही.

आमच्या गटातल्या वादाचं पुढं काय झालं? व्हायचं तेच. हॉल घेतला, ढोल आले, आणि शाळेला उरलेले पैसे मिळाले. मी सभेत एवढंच सुचवलं की शाळेतल्या पोरांनी आरतीच्या आधी स्टेजवर, माईक हातात घेऊन, मराठीत कुणाशी तरी भांडून दाखवावं. पाठ केलेली कविता नको, भांडण. तीन पोरं तयार झाली. एकीनं तर आईचीच तक्रार केली, की ती बाहेर गेल्यावर माझा हात दाबते.

आईची थाळी चिपळूणला परत गेली. कडेला चांगला पोचा पडलाय, त्यामुळं जमिनीवर ठेवली की डुगडुगते आणि आमटी एका बाजूला जाते. नवी घे म्हटलं तर ऐकत नाही.